दोरिंदाची फवारणी

वाइन चाखायला आलेला माणूस ग्लास कसा धरतो, त्यावरून तो जाताना काय नेणार हे मला बहुतेक वेळा कळतं. देठाला दोन बोटांत धरणारा प्रश्न भरपूर विचारतो आणि एक बाटली घेतो. ग्लासाच्या पोटाला अख्खा पंजा लावणारा वाइन गरम करून टाकतो, चव त्याला काही कळत नाही, पण निघताना सहा बाटल्यांचं खोकं तोच उचलतो. अकरा वर्षं मी शिंपल्यांच्या कारखान्यात डबे भरले आणि गेली सहा वर्षं ब्रेइशोच्या गच्चीवर ग्लास भरतेय. माणसांचा अंदाज दोन्हीकडे सारखाच लागतो.

गेल्या जूनमध्ये आलेल्या सहाजणांनी मात्र माझी पंचाईत केली. त्यांनी ग्लास धरलेच नाहीत. त्यांच्या हातांत फोन होते.

हे सहाजण साधे पाहुणे नव्हते. इथे स्पेनच्या कोपऱ्यात, विगोच्या बंदरात मोठाली प्रवासी जहाजं लागतात, त्यांतल्या लोकांना दिवसभर फिरवून आणणाऱ्या कंपनीची ही माणसं. त्यांची मुख्य नूरियाबाई. पांढरी पँट, आवाज असा की समोरच्याला आपण रांगेत उभे आहोत असं वाटावं. तिला आमची जागा पसंत पडली तर दर मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस माणसांची बस येणार होती. नाही पडली तर ब्रेइशोला पुन्हा विगोतल्या मोटारींच्या कारखान्यात जाऊन दारं बसवावी लागणार होती. बारा वर्षं त्यानं तेच केलं होतं. बाप गेल्यावर नोकरी सोडून तो द्राक्षांकडे परत आला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी त्याला त्या दारांची स्वप्नं पडतात, असं त्यानंच मला सांगितलंय.

त्यानं तळघराच्या डोक्यावर काचेच्या कठड्याची गच्ची बांधली. तिथून खाली बघितलं की ग्रॅनाइटच्या खांबांवर पसरलेला द्राक्षांचा मांडव थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेला दिसतो, आणि पुढे खाडीत शिंपले वाढवायचे तराफे. बाटलीवर त्यानं छापलंय की ही वाइन फक्त खाडीत घुसलेल्या या टोकावरच्या, एकाच घराण्यानं लावलेल्या वेलींची. हे खरं आहे. पाच हजार बाटल्या, बाहेरचा एक घड नाही. माणूस इतर बाबतीत हवा तेवढा फुशारक्या मारतो, पण या एका ओळीला तो देवासारखा जपतो.

खरं नसलेलं एवढंच, की ते सगळं टोक त्याचं नाही. आजोबांनी मरताना जमीन उभी चिरून दिली, अठ्ठावीस ओळी मुलाला आणि अठ्ठावीस मुलीला. मुलाच्या आता ब्रेइशोकडे आहेत. मुलगी म्हणजे त्याची आत्या, दोरिंदा. वय चौऱ्याहत्तर, नवरा समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही, आणि जीभ अशी की पाववाला तिच्या दारी पाव ठेवून घंटी न वाजवता पळतो. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. तेव्हाही ती अशीच होती, फक्त ठेंगणी होती.

आत्या-भाच्याचं बोलणं दोन वर्षांपासून बंद. गच्चीवरून तिचे कोबीचे वाफे आणि वाळत घातलेले परकर दिसायचे. पाहुणे त्यांचेही फोटो काढायचे. ब्रेइशोनं न विचारता वेताचा पडदा ठोकला. दुसऱ्या दिवशी तिनं परकर त्या पडद्यावरच वाळत घातले.

तर ते सहाजण यायचे होते त्या शनिवारची गोष्ट. गुरुवारी रात्रभर आणि शुक्रवारी दिवसभर पाऊस पडला होता. शनिवारी उजाडताना आभाळ स्वच्छ, हवा कोमट आणि जमिनीतून वाफा. वेलींना नुकता फुलोरा येऊन गेलेला, मणी मोहरीएवढे. असा दिवस म्हणजे द्राक्षांवरच्या डावणी बुरशीला आमंत्रण. पहाटे सहापासून सगळ्या टोकावर पंप घरघरत होते. मोरचूद आणि गंधक. पाळणाघरातल्या पोरालाही विचारलंत तर ते सांगेल, की आज मारायचं.

मी गच्चीवर टेबलं पुसत होते. ब्रेइशो नवा शर्ट घालून काचेवरचे डाग शोधत होता.

"ब्रेइशो, सगळे मारतायत."

"ऐकू येतंय, सिंदाबाई. मी सोमवारी मारणार."

"डावणी काय कॅलेंडर बघून येते?"

"दोन दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. आज मी मारलं तर पानं निळी दिसणार, आणि सगळीकडे गंधकाचा वास. त्या वासात कोणाला कसली चव कळणार? बाकीच्यांना सांगितलंय मी. दहापर्यंत आटपतात सगळे."

"आणि आत्याला?"

त्यानं एक अदृश्य डाग जोरजोरात पुसला. "तिला तुम्ही सांगा."

मी खाली गेले. दोरिंदा चाकांवरच्या जुन्या पंपापुढे उकिडवी बसून नळीच्या तोंडाला चामड्याची चकती बसवत होती. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत निळे.

"काय गं सिंदा, साहेबांनी धाडलं?"

"पाहुणे येणारेत अकराला. तो म्हणतो, दहापर्यंत होईल का?"

"त्याला पाय नाहीत?"

"आहेत. पण बुटांना पॉलिश केलंय."

ती हसली नाही. "माझी चकती फाटली. आत्ता कुठे मिळाली. सुरुवातच दहाला होणार. एकपर्यंत चालेल."

"दुपारी चारनंतर मार की."

"चारनंतर वारा सुटतो, अर्धं औषध खाडीतल्या शिंपल्यांना. तुला माहीत नाही? ग्लास भरभरून डोकं रिकामं झालं का?" ती उठली, गुडघे धरत. "हे बघ. त्याला सांग, माझा पंप भरलेलाच आहे. माझं झालं की त्याच्या ओळीही मारून देते. फुकट."

मी तिच्याकडे बघितलं. शाळेच्या बाकापासून मी तिला काही फुकट देताना बघितलेलं नव्हतं.

"फुकट?"

"फुकट म्हणजे उपकार. मरेपर्यंत गावाला सांगत फिरेन की भाच्याचं पीक मी वाचवलं. पण द्राक्षं तरी राहतील. माझ्या बापानं लावलेली आहेत ती. जा, सांग."

मी वर जाऊन शब्दन् शब्द सांगितला. ब्रेइशोचे कान लाल झाले. "पाहुणे टेबलावर बसलेले असताना ती नळी घेऊन माझ्या गच्चीखाली येणार? हा उपकार आहे? तुम्हाला कळत नाही, सिंदाबाई, तिला माझ्या तोंडात मोरचूद घालायचंय."

मला कळत होतं. म्हणजे तिला दोन्ही करायचं होतं. पीक वाचवायचं होतं आणि त्याच्या तोंडात मोरचूदही घालायचं होतं. काही माणसांना एक काम करताना दुसरं सोडवत नाही.

अकराला पाहुणे आले. मी मक्याचा पाव, मऊ चीज आणि वाफवलेले शिंपले मांडले, आमची पांढरी वाइन, अल्बारिन्यो ओतली. फोटो सुरू झाले. कठड्याला टेकून, ग्लास उंच धरून, ग्लासातून समुद्र, समुद्रातून ग्लास. पहिला घोट घेतला जाईपर्यंत मी त्रेचाळीस फोटो मोजले. शिंपले गार झाले.

ब्रेइशो माती कशी रेताड, खारं वारं सालीवर कसं बसतं वगैरे सांगत होता, तेवढ्यात, साडेबाराच्या सुमारास, दहापासून खाली पाण्याकडे चाललेला दोरिंदाचा पंप वेताच्या पडद्यापलीकडे येऊन पोचला. आधी आवाज, मग वास. सडक्या अंड्यात आगपेटीची काडी ओढावी तसा.

पिवळ्या चष्म्याचा एकजण डोळे मिटून ग्लास हुंगत होता. "फार वेगळा सुगंध आहे," तो म्हणाला. "थोडासा ज्वालामुखीसारखा."

"इथे ज्वालामुखी नाही," मी म्हणाले. "इथे दोरिंदा आहे."

नूरियाबाईनं नाकाला नॅपकिन लावला. "ब्रेइशो, हे रोज असतं का?"

"नाही नाही. एक मिनिट हं." तो हसत जिन्याकडे गेला आणि नजरेआड होताच धावत सुटला.

सहाच्या सहाजण कठड्याला येऊन उभे राहिले. बाल्कनीत बसून नाटक बघावं तसं. मीही उभी राहिले, खोटं कशाला बोलू.

विहीर दोघांची एक. आजोबांनी जमीन चिरली, विहीर काही चिरता आली नाही. ती ब्रेइशोच्या वरच्या कोपऱ्यात आहे आणि खाली जाणाऱ्या पाण्याची चावी तिथेच. त्यानं चावी फिरवली. नळीतलं पाणी संपलं, पंप कोरडा खाकरायला लागला. दोरिंदा मांडवाखालून बाहेर आली, हातात गळणारी नळी.

"पाणी कोणी बंद केलं?"

"मी. आत्या, एक तास. फक्त एक तास थांब."

"चार ओळी राहिल्यात. ऊन चढतंय. चालू कर."

"त्या सोमवारी मार."

"सोमवारी तुझा बाप मारील वरून येऊन! आज मारलं नाहीस तर आठवड्यात पानांवर तेल सांडल्यासारखं दिसेल. माझ्या चार ओळींवर आणि तुझ्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीसवर."

"धमक्या देतेस?"

"शेती शिकवतेय, गाढवा!"

मग त्यानं ते केलं, जे मी त्याच्या जागी कधीच केलं नसतं. चावीची लोखंडी मूठ काढून खिशात टाकली आणि वर निघून आला.  दोरिंदानं नळी गुंडाळली, हळूहळू, एकेक वेढा नीट बसवत. ती शांतपणे काम करते तेव्हा मला तिची भीती वाटते.

तिच्या घरून तिथपर्यंत बादल्या वाहायच्या तर चढाची वाट दोनशे पावलं आणि लागणार तीनशे लिटर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते होत नाही. माझ्या डोक्यात आलं होतं, की खाली जावं आणि चार बादल्या आपणही घ्याव्यात. गेले नाही. पाहुण्यांचे ग्लास रिकामे होते, असं मी स्वतःला सांगितलं.

ब्रेइशो माफी मागत परतला, तर नूरियाबाई खुशीत. "छे हो, हे तर फारच छान! खरीखुरी म्हातारी, खरंखुरं भांडण. आमच्या लोकांना असलं अस्सल काहीतरी हवंच असतं." पिवळ्या चष्म्यानं सगळं चित्रित केलं होतं. जेवणाआधी करारावर सही झाली. ब्रेइशोनं मला मिठी मारली. त्याच्या खिशातली ती मूठ माझ्या बरगडीला टोचली.

रविवारी सकाळपासून समुद्रावरून असा वारा सुटला की नळी हातात धरणं मुश्किल. दुपारी पाऊस आला, तो बुधवारी थांबला. गुरुवारी ब्रेइशोनं फवारलं, दिवसभर, मन लावून. शनिवारी पानांवर डाग दिसले. पिवळे, तेलकट, नाण्याएवढे. पानं उलटली तर खाली पांढरी बुरशी, पिठासारखी. जुलै संपेपर्यंत घडांतले मणी तपकिरी होऊन चामड्यासारखे आक्रसले. अठ्ठावीस ओळींत मिळून एक पेटी भरेल एवढीही द्राक्षं राहिली नाहीत. पडद्यापलीकडे दोरिंदाचा मांडव हिरवागार. फक्त वरच्या चार ओळी अर्ध्या जळालेल्या.

बसा मात्र ठरल्याप्रमाणे येत होत्या. आधीच्या वर्षाच्या बाटल्या मी जपून ओतत होते, ग्लासात दोन बोटं. ऑगस्टच्या मध्यावर ब्रेइशोनं नूरियाबाईला फोन केला. मी शेजारीच चीज कापत होते आणि तिचा आवाज काही फोनपुरता मावणारा नाही.

"यंदाची वाइन होणार नाही," तो म्हणाला. "पीक गेलं."

"पण समुद्र आहे ना?"

"समुद्र... आहे."

"मग झालं तर! कुणाचीही आण. थंड असली, पिवळी असली की पुरे. लोक काय चव बघायला येतात होय?"

त्यानं फोन ठेवला आणि कठड्याच्या काचेकडे बघितलं. त्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसत असणार.

"आत्याकडे अठ्ठावीस ओळी आहेत," तो म्हणाला. "याच टोकावरच्या. याच घराण्याच्या. तिची द्राक्षं मिळाली तर बाटलीवर छापलंय ते खरं राहील."

"मग जा."

"तुम्ही चला बरोबर."

मेल्या माणसाच्या घरी पाद्र्याला पुढे घालून जातात, तसा तो मला पुढे घालून गेला. दोरिंदा अंगणात शेंगा सोलत होती. तिनं मला खुर्ची दाखवली. त्याला दाखवली नाही.

"आत्या, तुझी द्राक्षं मला दे. कोऑपरेटिव्ह देते त्याच्या दीडपट देतो."

"दीडपट." ती शेंगा सोलत राहिली. "सिंदा, ऐकलंस? दीडपट म्हणे."

"दुप्पट."

"याचा बाप विकायला बसला की असाच चढायचा. घ्यायला बसला की उतरायचा. हा घ्यायला बसूनही चढतोय. बरीच गरज दिसतेय."

"आहे," ब्रेइशो म्हणाला. हे त्याला फार जड गेलं. मी त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून सांगते.

ती उठली. "चल."

आम्ही वरच्या चार ओळींखाली आलो. प्रत्येक घडात निम्मे मणी चांगले, निम्मे वाळके. पाऊस आला की वाळक्यांतून सड सुरू होणार आणि चांगलेही जाणार.

"ही तुझी कामगिरी. मूठ खिशात घालून गेलास ना, ती. एकेक वाळका मणी कात्रीनं काढायचा. चांगल्याला धक्का लागता कामा नये. माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत. ते झालं की मग द्राक्षांचं बघू."

"चारही ओळी?"

"चार राहिल्या होत्या. मी पाचवी सांगितली का?"

मंगळवारी सकाळी तो आला, नखं कापायची कात्री घेऊन. मांडव डोक्याएवढा, हात सतत वर. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याची एक ओळही झाली नव्हती. दोरिंदा पालथ्या पेटीवर बसून देखरेख करत होती. डोळे चालत नाहीत म्हणणारीला एकूणएक मणी दिसत होता.

"तो राहिला."

"कुठला?"

"तुझ्या नाकासमोरचा. नाक काढून बघ, म्हणजे दिसेल."

"आत्या, तू घरी जाऊन पड की जरा."

"पडेन. तू एकदा निघून गेलास की."

वर गच्चीवर मंगळवारची बस आलेली. वेताचा पडदा त्या चार ओळींपर्यंत पोचत नाही, त्यामुळे चाळीसजणांना तो छान दिसत होता. घामेजलेला, दाढी वाढलेला, हात वर करून उभा. सगळे त्याचे फोटो काढायला लागले.

"तो त्या आजींचा गडी का?" एका बाईनं विचारलं.

"मालक आहे तो. तुम्ही उभ्या आहात त्या गच्चीचा."

सगळे मोठ्यानं हसले. मी विनोदी आहे असं त्यांचं मत झालं. त्या बाईनं खाली हात हलवला. ब्रेइशोनं कात्रीसकट हात हलवून उत्तर दिलं. करार होता ना.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा घड झाला. त्याची बोटं सुजली होती, मान वळत नव्हती. दोरिंदानं चारही ओळींतून एक फेरी मारली आणि घरात गेली.

तिच्या तोडणीला सप्टेंबरच्या मध्यावर, नेहमीप्रमाणे, अर्धं गाव आलं. आमच्याकडे एकाची तोडणी असली की सगळे जातात, मग त्याच्याशी बोलणं असो नसो. ब्रेइशोही गेला. दिवसभर त्यानं पेट्या वाहिल्या आणि मनातल्या मनात मोजल्या. मीही मोजल्या. तीनशे आणि वर काही. एवढ्यात त्याच्या साडेचार हजार बाटल्या तरी झाल्या असत्या. त्याचा चेहरा जूनपासून पहिल्यांदा सैल पडला होता.

दुपारी कोऑपरेटिव्हचा ट्रक येऊन उभा राहिला आणि माणसं त्यात पेट्या चढवायला लागली.

"आत्या!" ब्रेइशो धावत आला. "हे काय? ट्रक कशाला?"

"तीस वर्षं त्यांनाच देतेय. यंदा का नाही?"

"तू कबूल केलं होतंस!"

"मी म्हटलं होतं, साफ कर, मग बघू. सिंदा होती समोर. विचार तिला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ट्रकचा नंबर वाचत राहिले. ती खरंच एवढंच म्हणाली होती.

"चार दिवस मला राबवलंस," त्याचा आवाज फाटला. गाव हातातलं काम थांबवून ऐकत होतं. "सगळ्यांसमोर. त्या बसवाल्यांसमोर."

"माझंही पाणी तू सगळ्यांसमोरच तोडलंस. त्यांनी टाळ्या पण वाजवल्या असतील." तिनं मांडवाच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. तिथे सावलीत एकोणीस पेट्या वेगळ्या रचलेल्या होत्या. "त्या तुझ्या. त्या चार ओळींतल्या. तू हात लावला नसतास तर सडून गेल्या असत्या. तू वाचवलंस तेवढं तुझं, पैसे नकोत. मी वाचवलं ते माझं. ते ट्रकमध्ये."

एकोणीस पेट्या म्हणजे साडेतीनशे किलोच्या आत. पावणेतीनशे बाटल्या. दोन बोटं ओतली तरी अशा दोन बसा आठवड्याला, सहा महिन्यांत संपणार. हा हिशेब मी त्याच्याआधी केला, पण त्याच्या तोंडावर तो उमटताना बघणं मला टाळता आलं नाही.

मला वाटलं, आता हा पेट्यांना लाथ घालणार. बापाचा राग त्याच्यात आहे. तो वर गेला. पहिल्या पेटीतला एक घड उचलून त्यानं उन्हात धरला, फिरवून बघितला, देठाशी राहिलेला एक वाळका मणी नखानं काढून टाकला. मग पेटी उचलून खांद्यावर घेतली. कोणी मदतीला सरकलं तर दोरिंदानं नुसतं बघितलं, आणि तो माणूस परत ट्रककडे वळला.

तेरा खेपा त्याच्या एकट्याच्या. उरलेल्या सहा पेट्या मी वाहिल्या. दोरिंदा मला बघून काही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत हे पुष्कळ झालं. शेवटची पेटी गाडीत ठेवून ब्रेइशोनं मागचं दार आपटलं. आभार त्यानं मानले नाहीत. तिनंही त्याची वाट बघितली नाही. गाडी चालू झाली तेव्हा ती कुंपणाशी येऊन ओरडली.

"पेट्या धुऊन परत आण! रविवारच्या आत. आणि मोजून घेणार आहे मी!"